भागधारक आणि गावकर



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने चार शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक येणार म्हटल्यावर तो संतवाङ्मयावर किंवा गोमंतकीय कवितेवर बोलेल, अशी आपली अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. त्या विषयांवर मी आयुष्यभर बोललो. परंतु मुरगावात येऊन बंदराकडे पाठ फिरवून बोलणे मला प्रशस्त वाटले नाही. या बंदरातून अर्धशतकाहून अधिक काळ जे खनिज परदेशी गेले, ते ज्यांच्या मालकीच्या खाणींतून निघाले त्या मालकीचे काय झाले, हा आजचा माझा विषय आहे. मी अर्थशास्त्रज्ञ नव्हे. मात्र भाग, भांडवल, मालक, ताबा, हक्क हे शब्द माझ्या प्रांतातले आहेत, आणि शब्दांचा अर्थ विचारण्याचा अधिकार मास्तराला निवृत्तीनंतरही उरतो.

इंग्रजीत ज्याला 'कॉर्पोरेट रेडर' म्हणतात त्याला मराठीत काय म्हणावे? छापा घालणारा म्हणावे तर तो रात्री येत नाही. भरबाजारात, दलालामार्फत, पैसे मोजून येतो. लुटारू म्हणावे तर तो कायद्याने येतो. त्याची रीत अशी. एखाद्या कंपनीचे शंभर भाग आहेत असे समजा. संस्थापकाच्या घराण्याकडे त्यांतले दहा आहेत. उरलेले नव्वद विमा महामंडळ, बँका आणि हजारो लहानसहान गुंतवणूकदार यांच्यात विखुरलेले आहेत. विखुरलेली माणसे सभेला जात नाहीत, म्हणून दहा भागांचा धनी शंभर भागांच्या खुर्चीवर बसतो आणि कालांतराने ती खुर्ची वतनाची आहे असे त्याला वाटू लागते. कंपनीची जमीन, यंत्रे आणि शिल्लक रोकड यांची किंमत भागामागे शंभर रुपये असते. बाजारात भाग चाळीसला विकला जातो. बाहेरचा एक माणूस हा फरक हेरतो आणि गुपचूप भाग विकत घेऊ लागतो. मग एके दिवशी तो म्हणतो, मला संचालक मंडळात जागा द्या. किंवा म्हणतो, सगळी कंपनीच द्या. जुन्या धन्याने घाबरून चढ्या भावाने त्याचे भाग परत घेतले, तर तो पैसे घेऊन निघून जातो. या शेवटच्या प्रकाराला आपल्या भाषेत फार जुना आणि नेमका शब्द आहे : खंडणी. दुसरी एक सौम्य जात आहे. ती कंपनी बळकावत नाही, पण थोडे भाग घेऊन धन्याच्या मागे लागते. हे विका, ते बंद करा, आम्हांला लाभांश वाटा. त्यांना मी चळवळ्या गुंतवणूकदार म्हणतो. १९८५ साली ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्स ही विमान कंपनी ताब्यात घेणारे अमेरिकेचे कार्ल आयकान हे या दोन्ही जातींचे ठळक उदाहरण होय.

आपल्या देशाला या प्रकाराची ओळख १९८३ साली झाली. लंडनचे उद्योगपती स्वराज पॉल यांनी तेरा कंपन्यांच्या नावे एस्कॉर्ट्सचे भाग विकत घेतले, शिवाय डीसीएमचेही घेतले. दिल्लीची दोन मातब्बर घराणी हादरली. एस्कॉर्ट्सने ते भाग आपल्या वहीत चढवून घेण्यास नकार दिला. आयुर्विमा महामंडळाने आपल्या भागांच्या बळावर संचालक बदलण्यासाठी सभा बोलावण्याची मागणी केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८५ मधील निकालात न्यायालयाने असा सिद्धान्त मांडला की, सभा बोलावणाऱ्या भागधारकाने कारणे देण्याचे बंधन नाही, आणि महामंडळ सरकारी असले म्हणून भागधारक या नात्याचा त्याचा हक्क उणा होत नाही. पॉल यांना कंपनी मिळाली नाही. पण खुर्ची वतनाची नव्हे, हे त्या निकालाने सर्वांना कळले. त्यानंतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विजेच्या वस्तूंच्या व्यापारातून वर आलेले आणि दुबईत जम बसवलेले मनू छाब्रिया यांनी शॉ वॉलेस, डनलॉप अशी जुनी साहेबी घरे काबीज केली. त्या कथा रंजक आहेत. पण आपल्या अंगणापासून दूरच्या आहेत.

आपल्या अंगणात आलेला माणूस वेगळा. अनिल अगरवाल १९५४ साली पाटण्यात जन्मले. विशी गाठण्याच्या सुमारास जेवणाचा डबा आणि वळकटी घेऊन मुंबईत उतरल्याची कथा ते स्वतः सांगतात. सुरुवात तारांच्या भंगाराच्या व्यापारातून झाली. १९७६ मध्ये त्यांनी शमशेर स्टर्लिंग ही केबल बनवणारी अडचणीतील कंपनी घेतली, पुढे तिची स्टरलाइट झाली, टेलिफोनच्या तारा निघू लागल्या, आणि तारेसाठी लागणारे तांबे आपणच का वितळवू नये, असा विचार आला. भंगाराचा धंदा माणसाला एक दृष्टी देतो, असे मला या चरित्रावरून वाटते. इतरांना जी मोडकी यंत्रे दिसतात त्यांत त्याला वजन दिसते, वजनाचा भाव दिसतो आणि आजचा धनी तो भाव ओळखत नाही, हेही दिसते. कंपन्यांकडे त्यांनी याच नजरेने पाहिले.

तांब्याचा कारखाना प्रथम आपल्या कोकणात, रत्नागिरीत व्हायचा होता. १९९२ मध्ये महाराष्ट्र सरकारने औद्योगिक वसाहतीत जमीन दिली, बांधकाम सुरू झाले. आंब्याच्या बागा आणि मासळी यांवर जगणाऱ्या लोकांनी विरोध केला, आणि १९९३ मध्ये काम थांबले. कारखाना तमिळनाडूत तुतुकुडीला गेला. तेथे २२ मे २०१८ रोजी कारखान्याविरुद्धच्या मोर्चावर पोलिसांनी केलेल्या गोळीबारात तेरा माणसे मृत्युमुखी पडली, कारखान्याला टाळे लागले, आणि तो उघडण्याची कंपनीची याचिका २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. रत्नागिरीकरांनी काय टाळले ते त्यांना पंचवीस वर्षांनी कळले असेल. तुतुकुडीत रोजगार होता, तोही गेला, हेही येथे नोंदवले पाहिजे.

आता खऱ्याखुऱ्या चढाईकडे येतो. ती चोर्ला घाट चढून गेल्यावर लागणाऱ्या बेळगावशी संबंधित आहे. इंडियन अॅल्युमिनियम, म्हणजे इंडाल, ही कॅनडाच्या अल्कन कंपनीने उभी केलेली संस्था. तिचा अॅल्युमिना शुद्ध करण्याचा कारखाना बेळगावात होता, आणि त्याचा बॉक्साइट सह्याद्रीच्या माथ्यावरून, कोल्हापूरच्या डोंगरपठारांवरून येई. अल्कनकडे केवळ ३४.६ टक्के भाग होते. फेब्रुवारी १९९८ मध्ये स्टरलाइटने, कोणी न बोलावता, २० टक्के भाग ९० रुपये दराने घेण्याची जाहीर बोली लावली. सेबीने १९९७ मध्ये ताब्यासंबंधीची सुधारित नियमावली केली होती. दहा टक्क्यांची रेषा ओलांडणाऱ्याने उरलेल्या भागधारकांसमोरही खुला प्रस्ताव ठेवला पाहिजे, असे तिचे सूत्र होते. त्या नियमावलीखालील ही पहिली मोठी वैरभावाची लढाई. अल्कनने प्रतिबोली लावली, भाव चढत गेला, विमा महामंडळासारख्या वित्तसंस्था कोणाकडे झुकतात याकडे सर्वांचे डोळे लागले. अखेर अल्कनने बहुमत मिळवले आणि स्टरलाइट हरली. दोनच वर्षांनी, २००० मध्ये, अल्कनने तीच कंपनी १९० रुपये भावाने बिर्लांच्या हिंडाल्कोला विकली.

बेळगावची भट्टी तीच, कामगार तेच, कोल्हापूरचा दगड तोच. नव्वदाचे एकशेनव्वद कसे झाले? चढाई करणारा आला नसता तर भाग कितीला विकला गेला असता हे कोणी सांगू शकत नाही. पण निवृत्त शिक्षकाने किंवा पोस्टमास्तरने कधीकाळी घेतलेल्या दहा भागांचे मोल या झटापटीने वाढले, हे मान्य केलेच पाहिजे. चढाईखोराच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो तो हाच, आणि तो पोकळ नाही. दुसरी बाजूही आहे. या बोलीच्या काळात भागांचे भाव हेतुपुरस्सर चढवल्याच्या आरोपावरून सेबीने २००१ मध्ये स्टरलाइटला दोन वर्षे भांडवल बाजारात येण्यास मनाई केली. त्याच वर्षी अपील न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. आरोप सिद्ध झाला नाही, एवढेच मी म्हणेन.

हरलेल्या लढाईतून अगरवाल एक गोष्ट शिकले असावेत. ज्या धन्याला कंपनी राखायची आहे त्याच्याशी झुंजण्यापेक्षा, ज्याला विकायची घाई आहे त्याच्याकडे जावे. त्या काळी सर्वांत घाईचा धनी म्हणजे भारत सरकार. २००१ मध्ये बाल्कोचे ५१ टक्के भाग ५५१ कोटी ५० लाख रुपयांना मिळाले. छत्तीसगडमध्ये कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक संप केला. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने विक्री वैध ठरवली. २००२ मध्ये हिंदुस्तान झिंकचे २६ टक्के ४४५ कोटींना आणि पुढच्या वर्षापर्यंत एकूण ६४ टक्क्यांच्या वर. या कंपनीचे उत्पादन खाजगी हाती गेल्यावर कैक पटींनी वाढले, हे खरे. ज्या भावाने ती दिली तो भाव योग्य होता का, याचा वाद वीस वर्षांनी, २०२१ मध्ये, पुन्हा न्यायालयात उभा राहिला, हेही खरे. २००३ च्या डिसेंबरात या साऱ्याची धारक कंपनी लंडनच्या भागबाजारात उभी राहिली. तिचे नाव वेदान्त. वेदांच्या अंतास पोचलेले ज्ञान म्हणजे हे सारे मिथ्या, असे शंकराचार्यांनी सांगितले; लंडनच्या दलालांना ते कोणी सांगितले नसावे.

येथून गोष्ट आपल्या नदीत शिरते. पण त्याआधी 'भाग' या शब्दापाशी मला थांबायचे आहे.

गोव्याला भागधारक हा प्राणी भागबाजारातून कळला नाही. आपल्या गावकरीत, जिला पोर्तुगीजांनी कोमुनिदाद म्हटले, दोन प्रकारचे हक्कदार होते. एक गावकर : गाव वसवणाऱ्या कुळात जन्मलेला पुरुष, ज्याला वर्षाअखेर गावच्या शिलकीतून झोण मिळे. हा हक्क त्याला विकता येत नसे. दुसरा भागाचा धनी. त्याच्याकडे आक्सांव असे, आणि आक्सांव बाजारात विकता येई. त्यामुळे पणजीचा किंवा मडगावचा सावकार ज्या गावात त्याने कधी पाऊल ठेवले नाही त्या गावच्या उत्पन्नाचा वाटेकरी होऊ शके. जन्माने येणारा भाग आणि पैशाने येणारा भाग, हे दोन शेजारी शेजारी नांदत असताना काय होते, हे आपल्या आजोबांनी पाहिलेले आहे. बांध फुटला तर रात्री कंदील घेऊन कोण धावले, आणि वर्षाअखेर वाटा कोणी नेला, हे प्रश्न तेव्हाही गावात विचारले जात. पेडणे-डिचोलीसारख्या नव्या काबिजादीत देसायांची वतने आणि मोकासे यांनी चित्र अधिक गुंतागुंतीचे होते. पण जमिनीचा धनी आणि जमिनीवरचा माणूस यांतले अंतर तेथेही होतेच.

जमिनीखालचे खनिज मात्र गावकराचेही नव्हते, देसायाचेही नव्हते. १९०६ च्या पोर्तुगीज फर्मानाखाली सरकार ते कायमच्या सवलतीने व्यक्तींना देई. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या भट्ट्यांना लोखंड हवे झाले आणि या सवलतींना सोन्याचे मोल आले. चौगुले, धेंपो, साळगावकर ही घराणी त्यातून उभी राहिली. पेडण्यात जन्मलेले आपले पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर हेही खाणमालकच. आणि येथे मराठीच्या प्राध्यापकाने एक ऋण मान्य केले पाहिजे. मुक्तीनंतर तीनच महिन्यांनी, मार्च १९६२ मध्ये, बा. द. सातोस्करांच्या संपादकत्वाखाली निघालेला 'गोमन्तक' चौगुल्यांच्या पैशावर निघाला, 'नवप्रभा' धेंपोंची. भाऊसाहेबांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. खाणीच्या लाल मातीतून मुक्तीनंतरच्या गोव्यातल्या मराठी गद्याची एक पिढी उगवली, असे मी म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. फुटबॉलचे नाव काढत नाही. वास्कोत त्यासाठी वेगळे व्याख्यान लागेल.

याचा अर्थ स्थानिक धनी संत होते असा नव्हे. डिचोली आणि सत्तरीतील शेतांत जो गाळ पावसाळ्यात उतरला, तो धनी गोंयकार होता म्हणून कमी लाल नव्हता. विहिरी आटल्या, कुळागरे धुळीने माखली. फरक एवढाच की, धन्याचे घर कोठे आहे हे गावाला माहीत होते. देवळाच्या जत्रेला तो येई. तक्रार घेऊन जाण्याला एक उंबरा होता. न्याय मिळेच असे नाही, पण उंबरा होता.

सेसा गोवा ही कंपनी या घराण्यांत बसणारी नव्हती. तिचे नाव कानाला शेषनागासारखे आपले वाटते. प्रत्यक्षात १९५४ साली निघालेल्या एका इटालियन व्यापारी कंपनीच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. १९९६ मध्ये तिचे ५१ टक्के जपानच्या मित्सुईकडे गेले. आमोण्याला तिची कच्च्या लोखंडाची भट्टी, डिचोली-सांखळीच्या बाजूला खाणी, मांडवीतून मुरगावला येणाऱ्या बार्जी, कर्नाटकात चित्रदुर्गकडेही खाणी. व्यवस्थित चालवलेली, कर्ज नसलेली, गल्ल्यात रोकड असलेली कंपनी. चीनने हलक्या प्रतीचे चूर्णही उचलायला सुरुवात केल्यावर तिचे मोल वाढले. मित्सुईने विकायला काढली, मोठमोठे बोलीदार आले आणि एप्रिल २००७ मध्ये वेदान्तने ते ५१ टक्के ९८ कोटी १० लाख डॉलरांना घेतले.

ही चढाई नव्हती. विकणारा राजी होता, घेणारा राजी होता, लिलाव रीतसर होता. तरीही मला ती चढाईपेक्षा अधिक विचार करायला लावते. इंडालच्या वेळी निदान बेळगावच्या कामगाराला वाटले असेल की लढाई चालली आहे. येथे टोकियो आणि लंडन यांच्यात कागद बदलले, आणि आमोण्याच्या माणसाने सकाळी वृत्तपत्रात वाचले की आपला धनी बदलला. सौद्याच्या टेबलावर डिचोलीची खुर्चीच नव्हती, कारण डिचोलीकडे भाग नव्हता.

आता एक तारीख लक्षात ठेवा : २२ नोव्हेंबर २००७. पोर्तुगीजांच्या कायमच्या सवलती १९८७ च्या कायद्याने संपल्या आणि त्यांचे मुदतीच्या पट्ट्यांत रूपांतर झाले. ते पट्टे किती काळ चालू शकतात, हा प्रश्न अनेक वर्षे कोणी नीट विचारलाच नाही. नूतनीकरणाचे अर्ज पडून राहिले आणि खाणी चालत राहिल्या. २०१०-११ मध्ये गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज गेले. मग शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणकाम थांबवले, ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. आणि २१ एप्रिल २०१४ रोजी, गोवा फाउंडेशनच्या याचिकेवर, न्यायालयाने सांगितले की गोव्यातील या साऱ्या पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती.

विद्यार्थी मित्रहो, गणित करून पाहा. एप्रिलमध्ये सौदा झाला, आणि कायद्याच्या दृष्टीने गोव्यातील खाणींचा हक्क नोव्हेंबरात संपला. मधे सात महिने. जगातल्या नामांकित बँकांनी, वकिलांनी आणि लेखापालांनी या कंपनीचे मोल केले होते. टनामागे नफा मोजला होता, चीनची भूक मोजली होती. खनिज कोणाचे, या प्रश्नाचा आकडा मात्र कोणत्याच रकान्यात नव्हता. भंगारात दडलेले वजन ज्याला दिसत असे त्या पारख्यालाही तो दिसला नाही; किंवा दिसला असेल तर इतरांप्रमाणेच त्यालाही वाटले की हा प्रश्न कोणी विचारणार नाही. पुढची पाच वर्षे खाणी चालल्या आणि पैसा मिळाला, तेव्हा व्यापारी अर्थाने सौदा तोट्याचा झाला असेही म्हणता येत नाही.

त्या पाच वर्षांत काय घडले ते झटपट सांगतो. जून २००९ मध्ये धेंपोंचा खाणव्यवसाय सेसा गोवाने १,७५० कोटी रुपये रोख मोजून घेतला. त्यात डिचोलीची खाण होती. एका जुन्या गोमंतकीय घराण्याने योग्य वेळी योग्य भावाने विकले आणि ते दुसऱ्या उद्योगांकडे वळले. त्यांच्या व्यवहारचातुर्याला मी नावे ठेवत नाही, पण जत्रेला येणारा आणखी एक धनी कमी झाला. २०११ मध्ये वेदान्तने केर्न इंडिया ही तेलकंपनी घेतली तेव्हा तिचे सुमारे वीस टक्के भाग सेसा गोवाच्या वाट्याला आले. म्हणजे डिचोलीच्या डोंगरातला पैसा बाडमेरच्या वाळवंटातल्या तेलविहिरीत उतरला. २०१३ मध्ये स्टरलाइट सेसा गोवात विलीन झाली. हे वाक्य नीट ऐका. सेसा स्टरलाइटमध्ये नव्हे, स्टरलाइट सेसात. २०१५ मध्ये त्या कंपनीचे नाव वेदान्त लिमिटेड झाले. झिंक, अॅल्युमिनियम, तेल, वीज असे सारे साम्राज्य तेव्हा ज्या कायदेशीर देहात एकवटले, तो देह जन्माने गोव्याची खाणकंपनी आहे. परकाया प्रवेशाच्या कथा आपण शंकराचार्यांच्या चरित्रात वाचतो. नाव वेदान्त असल्याचा एवढा एक दाखला सापडला.

चढाईखोर स्वतः धनी झाला की त्याचे काय होते, हे २०२० मध्ये दिसले. भाग पडलेले असताना अगरवालांनी उरलेल्या सर्व भागधारकांचे भाग घेऊन कंपनी बाजारातून काढून घ्यायचे ठरवले. किमान भाव ८७ रुपये २५ पैसे. १९९८ मध्ये ज्यांच्या कौलाकडे स्टरलाइट डोळे लावून बसली होती, त्याच आयुर्विमा महामंडळाने या वेळी आपल्या भागांना ३२० रुपये मागितले. पुरेसे भाग आले नाहीत, बेत फसला. विकत घेणारा असताना ज्याने म्हटले की बाजाराला कंपनीचे खरे मोल कळत नाही, त्यालाच महामंडळाने तेच वाक्य ऐकवले. तत्पूर्वी, २०१७ ते २०१९ या काळात, त्यांनी दक्षिण आफ्रिकेत उगम पावलेल्या अँग्लो अमेरिकन या शंभर वर्षांच्या खाणकंपनीचा जवळजवळ पाचवा हिस्सा घेऊन पाहिला आणि नफ्यासह सोडून दिला. तेथे ते चळवळ्या गुंतवणूकदाराच्या भूमिकेत होते. ती भूमिका त्यांना फारशी मानवली असे दिसत नाही.

आता शेवटचा टप्पा, आणि तो भागबाजारातला नाही. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या डोंगराबाबत सांगितले की, तेथे वेदान्तसाठी बॉक्साइट काढायचा की नाही हे ग्रामसभांनी ठरवावे. बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी नाही म्हटले. ज्यांच्याकडे एकही भाग नव्हता त्यांच्या मताला पहिल्यांदा मोल आले. आपल्याकडे २०१४ च्या निकालाने दोन गोष्टी केल्या : वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि विकल्या जाणाऱ्या खनिजाच्या किमतीचा दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत ठेवायला सांगितला. सरकारने मागच्या दाराने ८८ पट्ट्यांचे नूतनीकरण केले, ते न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये रद्द केले. मग लिलाव आला. डिसेंबर २०२२ मध्ये डिचोलीच्या खाणपट्ट्याचा लिलाव झाला, तो वेदान्तनेच जिंकला. बोली होती ६३.५५ टक्के. म्हणजे ठरीव भावाने शंभर रुपयांचे खनिज निघाले की त्रेसष्ट रुपये पंचावन्न पैसे राज्याच्या तिजोरीत. धेंपोंकडून विकत घेतलेली तीच जमीन, तोच दगड. २००९ च्या सौद्यात ज्याचा रकाना नव्हता, त्याचा रकाना २०२२ मध्ये सर्वांत मोठा ठरला. हा बदल कोणा चढाईखोराने केला नाही. याचिका लिहिणाऱ्या मूठभर माणसांनी आणि न्यायालयाने केला.

तिजोरी म्हणजे गाव नव्हे, हे मात्र लगेच दिसून आले. त्या पट्ट्याच्या हद्दीत मुळगाव, शिरगाव, लामगाव, मये या गावांचे भाग येतात. २०२४ मध्ये खाण पुन्हा सुरू झाली आणि मुळगावच्या लोकांनी मागणी केली : आमची घरे, आमची देवळे, आमची शेते पट्ट्याच्या हद्दीतून वगळा. त्यांना लाभांश नको आहे. त्यांना नकाशावरची एक रेषा हलवून हवी आहे. ही मागणी भागधारकांच्या वार्षिक सभेत मांडता येत नाही, तिचा भाव कोणत्याही बोलीत लागत नाही. ती मुळगावच्या ग्रामसभेत मांडली गेली, मामलेदारांपुढे आणि जिल्हाधिकाऱ्यांपुढे मांडली गेली, आणि रस्त्यावर बसूनही मांडली गेली. आपल्यापैकी ज्यांचे नातेवाईक त्या बाजूला आहेत, त्यांनी तो नकाशा मागवून जरूर पाहावा. रेषा कोणत्या घरावरून जाते ते त्यात दिसते.